नोंदवहीतले सहा तास

गजा, परवा तुझं तेरावं झालं. पंगत उठली, भांडी मागच्या अंगणात गेली, तेव्हा सुमनवहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि धुऊन ठेवलेली खताची एक पिशवी माझ्या हातात दिली. आत सात वह्या होत्या. "भाऊजी, हे तुम्ही घेऊन जा. मले यातलं काही समजत नाही. मधूलेच द्यायच्या, असं सांगून ठेवलं होतं त्यायनं." मी पिशवी घेतली. देऊळघाटहून बुलढाणा, बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून पुढं दुसरबीड, एवढ्या एसट्या बदलल्या, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, बियाणं हाये का? मी हो म्हणालो.

दोन दिवसांत सहा वह्या वाचून झाल्या. सातवी समोर टेबलावर आहे. ती उघडायचा धीर होत नाही, म्हणून आधी हे लिहायला बसलोय.

लिहायला तसं निमित्तही आहे. आपल्या कॉलेजचे जुने विद्यार्थी अंक काढतात, त्यांचा फोन आला होता. म्हणाले, काका, तुम्हीही आपल्याच कॉलेजचे, शिवाय सरांचे जवळचे. दोन पानं द्या. जन्म, शिक्षण, पदं, संरक्षण क्षेत्रातलं योगदान, असं काहीतरी. मी कॉलेजचा म्हणजे एका वर्षाचा. पहिल्याच वर्षी गणितात आपटलो आणि आयटीआयला गेलो, हे त्यांना कुठं माहीत असणार? पण बरं म्हणालो. आता बसल्यावर वाटतंय की जन्म-शिक्षण मी लिहिणार नाही, ते कुणीही लिहील. मला जे लिहायचंय ते माझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाही, आणि तुझ्याशी बोलल्यासारखं लिहिलं तरच ते माझ्या हातून उतरेल. छापायचं का फाडायचं ते त्यांनी ठरवावं.

सरळच सांगतो. गजा, तुझा फिल्टर खराब नव्हता. तुझं गणित चुकलं नव्हतं. तो फिल्टर मी बिघडवला, एका दुपारी, ह्याच हातांनी, आणि वर नोंदवहीत खोटी वेळ लिहिली. त्यानंतर तू अकरा वर्षं जगलास, आणि अकराही वर्षं आपलं कुठं चुकलं ते शोधत बसलास. मी दोन-तीन महिन्यांनी तुझ्याकडं यायचो, चहा प्यायचो, वहिनींच्या हातची कळण्याची भाकरी खायचो आणि परत जायचो.

वाचणाऱ्यांना काम काय होतं ते सांगावं लागेल. मला काही तुझ्यासारखं सांगता येत नाही, म्हणून तूच सांगितलेलं सांगतो. आमच्या दुसरबीडच्या हॉटेलात तू बाकड्यावर बसला होतास, आणि माझ्या आईनं भजी तळता तळता विचारलं, "गजानन, तुम्ही दोघं तिकडं करता तरी काय?" बाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. तू म्हणालास, "काकू, हे ट्रक हॉर्न वाजवून राह्यले. आता पल्याडच्या वावरातून कोणी तुम्हाले बारीक आवाजात हाक मारली, तर ऐकू येईन का? आम्ही असा कान बनवून राह्यलो, की ज्याले हॉर्न ऐकूच येणार नाही, नुसती हाक ऐकू येईन." आई म्हणाली, "त्यात काय, माझ्या सासूला होता तसा कान." तू इतका हसलास की चहा सांडला. पुढं बरेच दिवस प्रयोगशाळेत आपण त्या फिल्टरच्या डब्याला 'सासूबाई'च म्हणायचो.

सैन्याच्या रेडिओचं दुखणं तेच. लांबच्या तुकडीचा संदेश येतो तो अगदी क्षीण, आणि शेजारी आपलेच मोठमोठे ट्रान्समीटर बोंबलत असतात. नको त्या लहरी अडवायच्या आणि हवी ती एकच आत सोडायची, ह्याला फिल्टर म्हणायचं. साधा फिल्टर ती क्षीण लहर वाटेतच थोडी गिळून टाकतो. तुझा फिल्टर अतिवाहक होता. काचेसारख्या एका चकतीवर अतिवाहकाचा पातळ थर, त्यात कोरलेल्या सहा पट्ट्या, सगळं हवा काढलेल्या डब्यात बंद, आणि हवासुद्धा द्रव होऊन वाहायला लागावी इतकी थंडी. तेवढ्या थंडीत तो थर काहीच गिळत नाही. असे फिल्टर बाकीच्यांनीही केले होते, पण ते एकाच जागी ठाम बसलेले. तुझा सरकायचा. प्रत्येक पट्टीच्या वर नीलमण्याची बारकी चकती, ती केसभर वर-खाली केली की फिल्टर दुसऱ्या लहरीवर जायचा. फक्त सहाही चकत्या एका दमात, सारख्या हलल्या पाहिजेत. गणित तुझं आणि जुळणी माझी.

त्या थराचा एकच वैरी होता, पाणी. म्हणून नियम होता की थंडाई, म्हणजे डबा गार ठेवणारं यंत्र, बंद केल्यावर डबा सहा तास तसाच राहू द्यायचा, आतलं सगळं खोलीइतकं गरम झालं की मगच झाकण उघडायचं. आधी उघडलं तर बाहेरची हवा आत जाते आणि थरावर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला धरतं तसं.

आणि तू पहिल्या नकाशात त्या झाकणाला खटका काढला होतास. आतली थंडी जाईपर्यंत झाकण हलणारच नाही असा. तो बघून माझं डोकं फिरलं. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, चहाला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी तू आलास माझ्याकडं. "काऊन बे मध्या, फुगून काऊन राह्यला?" मी म्हणालो, वीस वर्षं हे हात तुझे नकाशे खरे करतायत, आणि आता तू त्यांना कुलूप लावतोस? म्हणजे भरवसा नाही. तू खिशातून पेन काढलंस आणि नकाशावरचा खटका खोडून टाकलास. "घे. मधूचा हात हाच खटका. आता चाल, चहा पाज." त्याऐवजी नोंदवही ठेवायची ठरलं. थंडाई कधी बंद केली, झाकण कधी उघडलं, खाली सही.

गजा, तो खटका तू काढायला नको होतास. मी रुसलो असतो तर रुसू द्यायचं होतं. चार दिवसांनी आलो असतो आपणहून, कुठं जाणार होतो? तू प्रयोगशाळेत साहेब होतास, लोकांसमोर मी तुला सर म्हणायचो. एकदा तरी साहेबासारखं वागायचं होतंस. तुझ्यावर हा एक राग अजून आहे माझा, आणि तो कुठं ठेवू ते कळत नाही.

साहेब झालास तरी तुला ते कधी जमलं नाही. शिकायला बुलढाण्याच्या खोलीत आपण राहायचो तेव्हापासून तसाच. देऊळघाटहून सकाळच्या एसटीनं तुझा डबा यायचा. ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेला असायचा तो, कापडात बांधलेला. डबा एकाचा, खाणारे दोघं. तुझ्या आईला कळल्यावर तिनं भाकरी वाढवल्या. पुढं त्या दक्षिणेतल्या शहरात नोकरी लागल्यावर तूच मला कळवलंस की इथं हातानं बारीक काम करणारा माणूस पाहिजे, अर्ज भर. मी म्हणालो, इंग्रजीत मुलाखत असेल. तू म्हणालास, "तू हात दाखवजो, मुलाखत मी देतो." माझं पुढचं सगळं आयुष्य, घर, माझ्या लेकीचं, ज्योतीचं शिक्षण, त्या एका पत्रातून आलं. आणि मी त्याची परतफेड कशी केली बघ.

ती दुपार. दुसऱ्याच दिवशी ज्योतीचा साखरपुडा होता, चिखलीला. मला संध्याकाळची गाडी धरायची होती. आदल्या संध्याकाळी चाचणी करताना एक आकडा मधेच उडी मारायला लागला. तू म्हणालास, आत कुठंतरी सांधा ढिला असेल. "उद्या दिवसभर मले सभा हाये. परवा मी उघडतो झाकण, तू जाय निवांत. पोरीचा साखरपुडा हाये, इकडचं डोस्क्यात ठेवू नको."

तू किती चांगल्या मनानं म्हणालास. आणि मला तेच लागलं. कारण तो सांधा माझा होता. सोल्डरचा कच्चा टाका. आमच्या कामात ह्याच्यासारखी लाज नाही. माझ्या हातून कच्चा टाका गेला आणि तो मी नसताना तू भिंगाखाली बघणार, हे मला सहन होईना. लोक समजतील की गाडीच्या घाईनं केलं. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगत होतो. पण काम तुझ्यावर सोडून सातची गाडी मला निवांत धरता आली असती. घाई गाडीची नव्हती, तुझ्या नजरेची होती. तू तर बघून हसला असतास नुसता आणि स्वतःच टाका मारून मोकळा झाला असतास.

सकाळी येऊन मी पुन्हा पुन्हा चाचणी घेतली, वाटलं दुसरंच काही निघावं. अकरा वाजता खात्री पटली आणि थंडाई बंद केली. दीड वाजता झाकण उघडलं. अडीच तासांनी. थर दिसला आणि पापणी लवायच्या आत त्याच्यावर दव धरलं, आरशावर श्वास पडावा तसं. मी कोरड्या वायूचा झोत मारला, दोन मिनिटांत सगळं लख्ख. टाका पक्का केला, झाकण लावलं, हवा काढली. पाच वाजेपर्यंत डबा पुन्हा थंड, आणि आकडे एकदम सुरेख. मी म्हटलं, चला, काही झालं नाही. आणि नोंदवहीत लिहिलं, थंडाई बंद सकाळी साडेसात, झाकण उघडलं दुपारी दीड. सहा तास. सही केली.

तू सभेतून आलास तेव्हा मी निघालोच होतो. सांधा दुरुस्त केला म्हणून सांगितलं. "सहा तास थांबला ना?" मी म्हणालो, नोंदवही बघ. तू बघितली नाहीस. म्हणालास, "तू म्हणतो म्हणजे थांबलाच असशीन." आणि वहिनींनी ज्योतीसाठी घेतलेली हिरवी साडी माझ्या हातात दिलीस. "पोहचला की फोन करजो." फोन केला मी, त्यात चुकलो नाही.

मैदानावरच्या चाचणीला पाच-सहा आठवड्यांनी गेलो. पहिल्या दिवशी तू इतका खूश होतास की जेवलाच नाहीस. खालच्या लहरींवर सासूबाईंनी एक हाक सोडली नाही. कानाला हेडफोन लावलेले सुभेदार मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी वरच्या लहरींकडं सरकायला लागलो आणि सहा पट्ट्यांची फाटाफूट झाली. दोघी पुढं, तिघी मागं, एक भलतीकडंच. हाक गेली, नुसता गोंगाट उरला. सुभेदारांनी हेडफोन काढून तुझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "साब, कल तो बोल रहा था. आज गूँगा हो गया."

मला तिथंच कळलं. दव पुसलं होतं, पण कडेकडेनं आत शिरलं होतं, आणि दर वेळी डबा थंड करताना थोडं थोडं कुरतडत गेलं होतं. तू पडद्याकडं बघत उभा होतास. कपाळावर घाम, हातात पेन्सिल, आणि ओठ हलत होते, म्हणजे मनात गणित चाललं होतं. तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं फक्त. मी खाली वाकलो आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू घट्ट करत बसलो.

समितीपुढं तू म्हणालास, दोष रचनेत आहे, माझ्या रचनेत. जुळणीत कुणी शंका काढली तर तू चिडलास. अहवालात लिहिलंस, जुळणी निर्दोष आहे. मी तो अहवाल वाचला आणि घडी घालून परत दिला. डब्याला सील लागलं, तो भांडारात गेला. तू तीनदा अर्ज केलास की एकदा उघडून बघू द्या, भिंगाखाली पाच मिनिटं. परवानगी आली नाही. आली असती तर ते काळे डाग शाळेतल्या पोरालाही दिसले असते. खरं सांगू, दर अर्जाच्या वेळी मी मनात म्हणायचो की ह्या खेपेला मिळू दे, म्हणजे मला सांगायची पाळी येणार नाही. आणि नकार आला की हायसं वाटायचं. असा माणूस मी.

काम बंद झालं. तू मुदतीआधी निवृत्ती घेऊन देऊळघाटला आलास. मी पुरी नोकरी करून निघालो. निरोप समारंभात माझ्या अचूक हातांबद्दल चौघंजण बोलले आणि शालही मिळाली.

देऊळघाटात तुझं काम कुणाला माहीत नव्हतं, सांगायची मुभाच नव्हती. लोक समजले, गजाननराव मिल्ट्रीत रेडिओ दुरुस्त करायचे. मग काय, गोठ्याशेजारच्या तुझ्या खोलीत बंद पडलेले रेडिओ, मिक्सर, पंपाचे स्टार्टर येऊन पडायला लागले. तू सगळ्यांचं करून द्यायचास. मी एकदा चिडून म्हणालो, गजा, तू कोण आहेस आणि हे काय करून घेतलंस? तर म्हणालास, "काय वाईट हाये बे? हे निदान चालू तर होते." तू हसत होतास म्हणून मीही हसलो. घरी येताना एसटीत तोंडावर रुमाल घेऊन बसलो होतो.

वहिनी मला विचारायच्या, "भाऊजी, तिथं झालं तरी काय होतं? हे जेवता जेवता थांबतात आन् भाकरीवर बोटानं आकडे काढत राहतात." मी म्हणायचो, सवय असते वहिनी शास्त्रज्ञांना. त्यांना तरी सांगायला पाहिजे होतं. परवा तेराव्यालाही सांगितलं नाही. त्यांनी मला आग्रह करून दुसरी पुरणपोळी वाढली आणि मी ती खाल्ली.

आणि तू मला वह्या दाखवायचास. ते सगळ्यात वाईट. "मध्या, पाय बरं, नीलमण्याची चकती तिरपी बसली असन का?" मी म्हणायचो नाही. "मंग थंडीनं तिसरी पट्टी वाकली असन." आणि मी म्हणालो, असेल. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, विषय संपावा म्हणून. गजा, काल तुझी चौथी वही वाचली. पूर्ण वही तिसरी पट्टी वाकण्यावर आहे. पहिल्या पानावर लिहिलंयस, 'मधूलाही असंच वाटतं.' माझ्या एका 'असेल'वर तू तुझं एक आख्खं वर्ष घातलंस. मी दोनशे पानं वाचली, एक एक ओळ. कुठं बेरीज चुकली नव्हती.

यंदाच्या पोळ्याला आलो होतो ते शेवटचं. तू खाटेवर होतास, उन्हात. हातांच्या काटक्या झाल्या होत्या. बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगाचा डाग कुणीतरी तुझ्या सदऱ्याला लावला होता. बराच वेळ सोयाबीनबद्दल, ज्योतीच्या लेकरांबद्दल बोललास. मग मधेच, माझ्याकडं न बघता म्हणालास, "मध्या, साखरपुड्याच्या आदल्या दिशी तू झाकण उघडलं होतं. त्या दिशी काही येगळं झालं होतं का बे?"

अंगणात कुणी नव्हतं. वहिनी आत बैलांसाठी ज्वारीचा ठोंबरा शिजवत होत्या. इतकी मोकळी वेळ मला कधीच मिळाली नव्हती, आणि तू स्वतः दार उघडून धरलं होतंस. मी म्हणालो, "नोंदवहीत सगळं लिहिलंय की."

"हाव," तू म्हणालास. "नोंदवहीत हाये." आणि डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं डोळा लागला. मी शेवटची गाडी चुकेल म्हणून निघालो.

महिन्याभरानं वहिनींचा फोन आला. नदीकाठी सगळे गोळा झाले होते तेव्हा मी शेवटी शेवटी तुझ्याजवळ वाकलो. वाटलं, आता तरी कानात सांगावं. पण मागं तुझे चुलतभाऊ उभे होते, गोवऱ्या आणि तूप घेऊन, आणि मला त्यांचीही लाज वाटली. मी तुझ्या गालावर बसलेली माशी उडवली आणि बाजूला झालो.

तेराव्याहून आल्यावर जुन्या प्रयोगशाळेत फोन लावला. एक तरुण साहेब होते, आदबीनं बोलले. मी म्हणालो, तो डबा उघडा, त्या सरांचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती, मी लिहून देतो. त्यांनी नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. म्हणाले, काका, ते सामान मागेच भंगारात गेलं, आणि ती फाइलही बंद आहे. आता कुणी विचारणारच नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. म्हणजे आता पुरावाही नाही. तुझा फिल्टर चांगला होता हे सांगणारा जगात मी एकटा, आणि माझ्या शब्दाची किंमत काय आहे ते मला माहीत आहे.

लिहून मन हलकं होतं म्हणतात. मला तसं काही वाटत नाही. तुला ऐकू जात नाही, मग हे कुणासाठी? वहिनींना अंक मिळेल, त्या चष्मा लावून वाचतील, आणि ते दार मला बंद होईल. होऊ दे. एवढं झाल्यावर अजून त्यांच्या हातची भाकरी खात राहिलो तर मी कोण?

आता सातवी वही उघडतो.

अर्धीही भरलेली नाही. पोळ्यानंतरची असावी, अक्षर हललेलं आहे. तू एका पानावर यादी केली आहेस, इतक्या वर्षांत शोधलेल्या सगळ्या कारणांची, एकाखाली एक. तिरपी चकती, वाकलेली पट्टी, चकत्यांची मोटर, मैदानावरची धूळ. एकेकावर रेघ मारली आहेस. सगळ्यांत खाली लिहिलंयस, 'झाकण वेळेआधी उघडलं असेल आणि दव धरलं असेल, तर?' आणि पुढची तीन पानं त्याचंच गणित आहे. तिसऱ्या पानाच्या तळाशी, 'सगळे आकडे जुळतात. पहिल्यांदाच सगळे जुळतात.'

त्याच्याखाली दुसऱ्या शाईत लिहिलंयस, 'पण नोंदवहीत सहा तास आहेत, आणि ते मधूनं लिहिले आहेत.' आणि त्या तिन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आहेस, पट्टी लावून, सरळ.

मी पान उलटलं. पुढच्या पानावर तू पहिल्या पट्टीपासून गणित पुन्हा मांडायला घेतलं आहेस.